देवस्थानाच्या उंबरठ्यावर शस्त्र : कायदा आणि रिवाज

आश्विन शुद्ध नवमीस महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणतात. या दिवशी घरोघरी कोयता, विळा, पहार, नांगराचा फाळ, सुताराचा रंधा आणि जेथे असेल तेथे तलवार वा बंदूकही पाटावर मांडून तिला गंध, अक्षता आणि झेंडूची फुले वाहिली जातात. दसऱ्यास पोलीस मुख्यालयांतही शस्त्रपूजन होते. जेजुरीच्या दसऱ्यात खंडोबाचा सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा एका हाताने तोलून धरण्याच्या आणि दातांनी उचलण्याच्या कसरती पाहण्यास गडावर गर्दी लोटते. कोल्हापुरास अंबाबाईच्या देवळात नवरात्राची घटस्थापना तोफेच्या सलामीने होते. तुळजापूरची भवानी अष्टभुजा, महिषासुरमर्दिनी. नवरात्रात तिची जी अलंकार महापूजा बांधतात तीत छत्रपती शिवाजी महाराजांस भवानी तलवार देतानाचे रूप असते. सारांश, शस्त्र ही वस्तू येथील देवस्थानांस परकी नाही.

असे असूनही कोणत्याही धार्मिक संस्थेत शस्त्र अथवा दारूगोळा, किंवा तो बाळगणारी व्यक्ती, हिला प्रवेश देता कामा नये, असा केंद्रीय कायदा १९८८ सालापासून देशात अंमलात आहे. हा कायदा प्रथम ऐकणाऱ्यास खंडेनवमीच्या आणि या निर्बंधाच्या मेळाविषयी शंका येणे साहजिक आहे. मेळ आहे, आणि तो कायद्याच्या कलमातच घालून दिलेला आहे. मात्र खेडोपाडीच्या देवस्थान मंडळांत, मशीद वा दर्गा समित्यांत, इतकेच नव्हे तर पुष्कळ शासकीय कार्यालयांतही या कायद्याची ओळख बेताचीच आहे. त्याहून अधिक काळजीची बाब अशी की, जी थोडीफार ओळख आहे ती उलटी आहे. पाहुण्याजवळ परवान्याचे पिस्तूल असेल तर तो प्रश्न पाहुणा आणि पोलीस यांच्यामधला, देवळाच्या पंचांचा त्याच्याशी संबंध नाही, असे सर्रास समजले जाते. वस्तुतः १९८८ च्या कायद्याने जबाबदारी टाकली आहे ती दारात उभ्या असलेल्या माणसावर.

कायदा कसा आला

स्वातंत्र्यानंतर, १८७८ च्या ब्रिटिशकालीन कायद्याच्या जागी भारतीय संसदेने शस्त्र अधिनियम, १९५९ संमत केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. शस्त्र कोणी बाळगावे, त्याचा परवाना कोणी द्यावा, कोणत्या अटींवर द्यावा, याची व्यवस्था त्यात आहे. प्रार्थनास्थळांसाठी मात्र त्यात स्वतंत्र प्रकरण नव्हते आणि बराच काळ त्याची निकडही कोणास भासली नाही.

ती निकड पंजाबातील घटनांनी निर्माण केली. अमृतसरच्या सुवर्ण मंदिराच्या आवारात शस्त्रे साठविली गेली, तटबंदी उभारली गेली आणि जून १९८४ मध्ये तेथे लष्करी कारवाई झाली. तिचे दुःख आणि तिचे परिणाम सर्वज्ञात आहेत. मे १९८८ मध्ये त्याच आवारात सशस्त्र व्यक्ती पुन्हा आश्रयास राहिल्या. त्या वेळी राष्ट्रीय सुरक्षा दलाने वेढा घालून त्यांस शरण येण्यास भाग पाडले आणि १८ मे रोजी ती कारवाई संपली. त्यानंतर आठ दिवसांतच, २६ मे १९८८ पासून, एका अध्यादेशाद्वारे नवे निर्बंध लागू झाले. पुढे त्याच वर्षी त्यांचे रूपांतर धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८ या कायद्यात झाले.

कायद्याचा जन्म एका प्रांतातील प्रसंगातून झाला असला तरी त्याची भाषा कोणत्याही एका धर्मापुरती नाही. सार्वजनिक उपासनेसाठी वापरली जाणारी कोणतीही जागा, मग तिचे नाव काहीही असो, ती ‘धार्मिक संस्था’ या व्याख्येत येते. देऊळ, मठ, मशीद, दर्गा, चर्च, गुरुद्वारा, विहार, जैन मंदिर, अग्यारी ही तर आलीच. परंतु गावाच्या वेशीवरील म्हसोबाचे चार खांबांचे देऊळही आले. व्याख्येचे शब्द एवढे व्यापक आहेत की, गणेशोत्सवाच्या वा नवरात्राच्या मंडपाच्या कार्यकर्त्यांनीही स्वतःस त्याबाहेर न समजणे शहाणपणाचे होईल.

व्यवस्थापक म्हणजे कोण

कायद्यातील ‘व्यवस्थापक’ हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद झालेल्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष वा चिटणीस एवढाच त्याचा अर्थ नाही. जी व्यक्ती एकटीने अथवा इतरांसह त्या संस्थेचा कारभार, तिची कार्ये किंवा तिची मालमत्ता प्रत्यक्ष चालविते वा नियंत्रित करते ती व्यवस्थापक होय, आणि धर्मकृत्ये करणारी व्यक्तीही, तिचे पद काहीही असो, त्यात अंतर्भूत आहे. ज्या गावात देवळाचा न्यास नोंदलेला नाही, किल्ली गुरवाकडे असते आणि वर्गणीचा हिशेब चार पंच पाहतात, तेथे गुरव आणि पंच हेच व्यवस्थापक ठरू शकतात. मुजावर, मुतवल्ली, ग्रंथी, महंत, पाद्री यांचीही स्थिती तीच.

या व्यक्तींवर तीन प्रकारची बंधने येतात. पहिले, संस्थेच्या जागेत शस्त्रे वा दारूगोळा साठवू द्यावयाचा नाही; याच कलमात आरोपी वा शिक्षा झालेल्या व्यक्तीस आसरा देणे, परवान्याविना बुरूज, तळघर, भिंती बांधणे इत्यादी कृत्यांसही मनाई आहे. दुसरे, चौथ्या कलमान्वये शस्त्र वा शस्त्रधारी व्यक्ती आत येऊ द्यावयाची नाही. तिसरे बंधन सर्वांत कमी ठाऊक असलेले आहे. कायद्याचा भंग झाला, किंवा होऊ घातला आहे असे समजले, तर व्यवस्थापकाने आणि संस्थेच्या प्रत्येक कर्मचाऱ्यानेही हद्दीतील पोलिसांस तशी खबर देणे बंधनकारक आहे. खबर न देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी त्यास भारतीय दंड संहितेचे १७६ वे कलम लागत असे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तिचे २११ वे कलम त्याच्याशी समांतर आहे.

शिक्षा सौम्य नाही. साठवण वा प्रवेश यांविषयीच्या कलमांचा भंग झाल्यास व्यवस्थापक आणि त्या भंगाशी संबंधित प्रत्येक व्यक्ती पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास आणि दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र होते. दोषी ठरलेला व्यवस्थापक वा कर्मचारी आपल्या पदावरून दूर होतो आणि दोषसिद्धीपासून सहा वर्षे कोणत्याही धार्मिक संस्थेत तसे पद धारण करण्यास अपात्र ठरतो. वडिलोपार्जित पुजारीपण असलेल्या घराण्यास हा परिणाम कारावासाइतकाच जड वाटेल.

एखाद्या यात्रेत तालुक्यातील प्रतिष्ठित गृहस्थ कमरेला पिस्तूल लावून, बरोबर बंदूकधारी खासगी रक्षक घेऊन देवळात येतात. गुरव नारळ पुढे करतो, पंच हार घालतात. संकोचाने कोणी काही बोलत नाही. त्या गृहस्थांचा परवाना खरा आहे आणि त्यांचा हेतूही निर्मळ आहे. तथापि परवान्याने त्यांना शस्त्र बाळगण्याचा अधिकार दिला; देवळात नेण्याचा नाही. चूक झाली ती मुख्यतः गुरवाच्या आणि पंचांच्या पदरी पडते. ज्याच्या हाती दंडुकाही नाही अशा माणसावर बंदूक अडविण्याची जबाबदारी टाकणे हे प्रथमदर्शनी अन्यायाचे वाटते, आणि त्यात काही अंशी तथ्य आहे. परंतु कायद्याने त्याच्याकडून झटापटीची अपेक्षा केलेली नाही. नकार देणे आणि पोलिसांस कळविणे एवढीच ती अपेक्षा आहे. असा नकार व्यक्तीने देण्यापेक्षा दारावरील फलकाने दिला तर कोणाचाही अवमान होत नाही.

दोन अपवाद

चौथ्या कलमास अपवाद दोनच आहेत. पहिला कृपाणाचा. शीख धर्म पाळणाऱ्या व्यक्तीने कृपाण धारण करणे व बाळगणे यास हे कलम लागू नाही. या अपवादाचे मूळ संविधानात आहे. अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे हे शीख धर्माचरणाचाच भाग मानले जाते. म्हणून शीख यात्रेकरू एखाद्या देवळात वा दर्ग्यात दर्शनास आला तर या कायद्याचा आधार घेऊन त्याचे कृपाण काढून ठेवावयास सांगणे योग्य नव्हे. गावातील स्वयंसेवकांस ही गोष्ट आधी सांगून ठेवलेली बरी. अज्ञानातून होणारा असा आग्रह भाविकास फार लागतो.

दुसरा अपवाद रूढीचा. संस्थेच्या धार्मिक विधीचा भाग म्हणून, चालत आलेल्या रूढीनुसार वा वहिवाटीनुसार जी शस्त्रे वापरली जातात त्यांस निर्बंध नाही. जेजुरीचा खंडा, देवीच्या हातची आयुधे, पालखीपुढील भालदाराचा भाला हे सर्व येथे येते.

या अपवादाचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण नांदेडचे आहे. गुरू गोविंदसिंहांचे देहावसान ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेड येथे झाले. त्या स्थानी असलेले तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक होय. तेथील अंतर्भागात गुरूंची म्हणून जपलेली शस्त्रे आहेत. त्यांत सोन्याची कट्यार, तलवारी, धनुष्ये, पस्तीस बाणांचा भाता, रत्नजडित पोलादी ढाल, आणि विशेष म्हणजे एक तोड्याची बंदूकही आहे. भाविकांना या शस्त्रांचे दर्शन घडविले जाते. दिवाळीच्या सुमारास तख्त स्नानाचा विधी होतो, तेव्हा गोदावरीचे पाणी आणून ही शस्त्रे स्वच्छ केली जातात. बंदूक गर्भगृहात, आणि तीही पूजनीय! परंतु ती कोणा भक्ताची नव्हे. ती स्थानाची आहे, आणि तिच्याभोवती विधी आहे, सेवेकरी आहेत, शतकांची परंपरा आहे. त्याच आवारात यात्रेकरूने स्वतःची रायफल आणली तर तिला त्या परंपरेचे संरक्षण मिळणार नाही.

पारशी समाजाच्या आतश बेहराममध्येही अग्नीच्या दालनात भिंतीवर तलवारी आणि गदा लावलेल्या असतात. अमंगलाशी चालणाऱ्या लढ्याचे ते चिन्ह आहे. मुंबईत असे चार आतश बेहराम आहेत.

रूढी जुनी आहे हे म्हणणे सोपे, दाखविणे कठीण. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ सालचा एक निर्णय उद्‌बोधक आहे. आनंदमार्ग या पंथाच्या अनुयायांना कलकत्त्याच्या रस्त्यांवरून मिरवणुकीत सुरा, त्रिशूळ, कवटी आणि जिवंत सर्प घेऊन तांडव नृत्य करावयाचे होते; पोलीस आयुक्तांनी त्यास मनाई केली होती. पंथाची स्थापना १९५५ ची आणि तांडवाचा पाठ त्यात आला १९६६ मध्ये, हे लक्षात घेऊन न्यायालयाने असे नृत्य मिरवणुकीत करणे हा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग मानण्यास नकार दिला. २००४ मध्येही बहुमताने तोच दृष्टिकोन कायम राहिला. हा वाद रस्त्यावरील मिरवणुकीचा होता, १९८८ च्या कायद्याचा नव्हे. तथापि धर्माच्या नावाने शस्त्र पुढे येते तेव्हा न्यायालय त्या प्रथेचे वय आणि त्या धर्मातील तिचे स्थान तपासून पाहते, हे त्यावरून स्पष्ट होते. चार वर्षांपूर्वी एखाद्या मंडळाने सुरू केलेले बंदुकांचे पूजन ‘वहिवाट’ म्हणून टिकणे अवघड आहे.

म्हणूनच ज्या संस्थांत विधीची शस्त्रे आहेत त्यांनी त्यांची नोंदवही ठेवावी. शस्त्राचे वर्णन, संख्या, छायाचित्र, ते कोणत्या तिथीस बाहेर निघते, कोणत्या घराण्याच्या मानकऱ्याकडे त्याचा मान आहे, एरवी ते कोणाच्या किल्लीखाली असते, या बाबी तीत असाव्यात. जुनी सनद, इनामपत्र वा देवस्थानाचे दप्तर असल्यास त्याची प्रत जोडावी. जुन्या बंदुकीबाबत आणखी एक खुलासा उपयोगी पडेल. जे शस्त्र कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके असून दुरुस्तीनेही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नाही, त्यास शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने वगळले आहे. मात्र बंदूक खरोखरीच त्या वर्गात बसते की नाही, हा निर्णय पंचांनी बसल्याजागी घेऊ नये. ठासणीच्या कितीतरी जुन्या बंदुका आजही बार काढतात.

शस्त्र कशास म्हणावे

उत्साहाच्या भरात स्वयंसेवक आजीबाईच्या हातची काठीही काढून घेतात, तेव्हा कायद्याच्या व्याख्येचे स्मरण आवश्यक ठरते. हल्ला वा बचाव यांसाठी बनविलेल्या वस्तू म्हणजे शस्त्रे. बंदुका आणि धारदार हत्यारे ही त्यांत येतात. केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू, लाठी, चालताना धरावयाची साधी काठी आणि निव्वळ खेळणी यांना व्याख्येतून वगळले आहे. नारळ सोलण्याचा कोयता, प्रसादाच्या भाजीची विळी, वारकऱ्याची काठी, पोतराजाचा कोरडा यांचा या कायद्याशी काही संबंध नाही. याउलट तलवार, गुप्ती, जंबिया हे सरळ शस्त्रच होय.

परवान्याच्या अटी

परवानाधारकाची बाजूही पाहणे अगत्याचे आहे, कारण बंदी केवळ संस्थेवर आहे असे नाही. शस्त्र परवान्याच्या पुस्तिकेवर अटी छापलेल्या असतात आणि त्या क्वचितच वाचल्या जातात. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी खास प्राधिकृत केल्याखेरीज धारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत वा अन्य सार्वजनिक जमावात आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात नेऊ नये, अशी त्यांत स्पष्ट अट आहे. ती १९६२ च्या नियमांत होती आणि २०१६ च्या नव्या शस्त्र नियमांतही आहे. अटीचा भंग झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परवाना निलंबित वा रद्दही होतो. २०१६ च्या नियमांनी सार्वजनिक जागी बंदूक उघडी बाळगण्यासही प्रतिबंध केला. ती म्यानासारख्या आवरणात, पूर्ण झाकलेली असली पाहिजे. ती परजणे वा झाडणे निषिद्ध आहे.

पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना ज्यांना मिळालेला आहे अशा शेतकऱ्यांस हे विशेषेकरून सांगितले पाहिजे. रानडुकरे आणि वानर यांच्या उपद्रवापासून पिके राखणे हे त्या परवान्याचे प्रयोजन. ग्रामदेवतेच्या पालखीपुढे त्याच बंदुकीचा बार काढणे त्या प्रयोजनात बसत नाही.

हवेत गोळीबार हा तर आता स्वतंत्र गुन्हा आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमाच्या २५ व्या कलमात नवे पोटकलम आले. निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवादाखल गोळीबार करून इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होतात. आनंदोत्सवाच्या गोळीबाराची व्याख्या करताना संसदेने लग्नसमारंभांबरोबर धार्मिक स्थळांचाही नामनिर्देश केला आहे. आकाशात सोडलेली गोळी खाली येतेच, आणि यात्रेच्या गर्दीत ती कोणाच्या कपाळी येईल याचा नेम नसतो.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली पोलीस आयुक्त वा जिल्हा दंडाधिकारी सणासुदीस मनाई आदेश काढतात. त्यांत तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुरे आणि लाठ्याही बाळगण्यास बंदी असू शकते. येथे व्याप्ती शस्त्र अधिनियमाहून मोठी आहे, हे ध्यानात ठेवावे. एरवी मोकळी असलेली लाठी मनाई आदेशाच्या काळात मोकळी राहत नाही. मिरवणुकीत मर्दानी खेळ सादर करणाऱ्या आखाड्यांना याची झळ पोचते. दांडपट्ट्यास २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. पण मिरवणुकीत पट्टा फिरवावयाचा तर पोलीस ठाण्याची परवानगी आगाऊ आणि लेखी घेतलेली असावी.

रिवाज काय सांगतो

कायदा १९८८ चा असला तरी त्यामागील भावना तेवढी नवी नाही. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूसाठी सांगितलेल्या शिष्टाचारांत असा दंडक आहे की, हातात दंड, सुरी वा आयुध घेतलेल्या माणसास, तो आजारी नसेल तर, धर्मोपदेश करू नये. ऐकणाऱ्याने आधी हात मोकळे करावेत, ही त्यातील अपेक्षा. इस्लामच्या हदीस ग्रंथांत मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, कोणास इजा होऊ देऊ नये, असा उपदेश आहे. पादत्राणे बाहेर काढणे, काही देवस्थानांत चामड्याच्या वस्तूंस असलेला मज्जाव, डोके झाकणे वा उघडे ठेवणे, हे सर्व एकाच वृत्तीचे आविष्कार होत. घरचा, हुद्द्याचा, सामर्थ्याचा पसारा दाराबाहेर ठेवून माणसाने आत यावे.

कर्तव्यावरील पोलिसांची गोष्ट निराळी आहे. शासकीय कर्तव्य म्हणून बाळगलेल्या शस्त्रास शस्त्र अधिनियम लागू होत नाही, आणि कायद्याने सोपविलेल्या कामासाठी पोलीस आत येतात तेव्हा ते व्यवस्थापकाच्या अनुमतीवर अवलंबून नसतात. २४ सप्टेंबर २००२ रोजी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर झालेल्या हल्ल्यात तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा घटनांनंतर मोठ्या देवस्थानांत सशस्त्र पहारा अपरिहार्य झाला आहे. तरीही या पहाऱ्यास रिवाज आहे. रक्षक शक्यतो सभामंडपाबाहेर वा दाराशी उभे राहतात. गाभाऱ्याजवळ जावे लागलेच तर बूट, चामडी पट्टा आणि म्यान यांविषयी त्या स्थानाचा नियम काय आहे, हे अधिकारी आधी विचारून घेतात. पोलीस संरक्षण असलेले मान्यवर येणार असतील तर रक्षकांनी कोठे थांबावे हे ठाणे अंमलदार आणि विश्वस्त यांनी आदल्या दिवशी ठरवावे. ऐनवेळी दारात वाद घालणे कोणाच्याच हिताचे नसते.

खासगी रखवालदार मात्र पोलीस नव्हेत. दानपेटीच्या वा देवाच्या दागिन्यांच्या रक्षणासाठी संस्थेने बंदूकधारी खासगी माणूस नेमला असेल, तर त्याच्यासाठी चौथ्या कलमात निराळी सवलत लिहिलेली नाही. जवाहिरखान्यास सशस्त्र बंदोबस्ताची गरज वाटत असल्यास विश्वस्तांनी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

शस्त्र घेऊन आलेल्या भाविकाचे काय करावे

सर्वांत मोठी चूक सद्‌भावनेतून होते. पाहुणा म्हणतो, “एवढे पिस्तूल तुमच्याकडे ठेवा, दर्शन घेऊन येतो.” गुरव ते फुलांच्या परडीखाली ठेवतो, किंवा चप्पलस्टँडवरचा मुलगा ते मोबाइलच्या खणात टाकतो. परवाना पाहुण्याच्या नावाचा आहे. गुरवाच्या वा त्या मुलाच्या नावाचा नाही. परवान्याविना बंदूक ताब्यात असणे हा शस्त्र अधिनियमाखाली गंभीर गुन्हा आहे आणि देवळाच्या खोलीत ती ठेवली गेल्यास साठवणुकीच्या कलमाचाही प्रश्न उपस्थित होतो. दुर्दैवाने ती भरलेली असली आणि हाताळताना सुटली, तर पुढील प्रसंगाची कल्पनाच केलेली बरी. म्हणून कोणाचेही शस्त्र, क्षणभरही, हातात घेऊ नये.

पाहुण्यास नम्रपणे सांगावे की, देवस्थानाचा आणि कायद्याचा नियम असल्याने शस्त्रासह प्रवेश नाही. त्यांनी ते घरी कुलपात ठेवून यावे, अथवा जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सुरक्षित ठेवीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करावे. तपासणीची वेळ आलीच तर स्त्रियांची तपासणी स्त्रियांनीच, आडोशाला करावी. धर्मग्रंथ, माळ, ताईत यांना हात लावण्यापूर्वी विचारावे. पाहुणा ऐकत नसेल तर झटापट न करता ठाण्यास दूरध्वनी करावा आणि वेळ व नाव नोंदवहीत लिहून ठेवावे. कायद्याने सांगितलेली खबर दिल्याचा तोच पुरावा होतो.

फलक मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि पायऱ्यांच्या खाली असावा. पायऱ्या चढून आल्यावर वाचावयास मिळणारा फलक वादच वाढवितो. त्यावर तीन गोष्टी पुरेत : शस्त्र वा काडतुसे यांसह प्रवेश नाही, शीख भाविकांच्या कृपाणास हा निर्बंध नाही, संस्था कोणाचेही शस्त्र सांभाळण्यास घेत नाही. खाली पोलीस ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक लिहावा.

यात्रेपूर्वी ग्रामपंचायत, देवस्थान समिती आणि पोलीस यांची जी बैठक होते तीत पाणी, दिवाबत्ती, वाहनतळ आणि पाळण्यांच्या परवानग्या यांवर पुष्कळ चर्चा होते. त्याच बैठकीत विधीच्या शस्त्रांची यादी पोलीस पाटलांकडे द्यावी. ती कोणत्या वाटेने आणि कोणत्या वेळी निघतील, कोणाच्या हाती असतील आणि परत केव्हा ठेवली जातील हे इतिवृत्तात लिहून घ्यावे. त्या काळात मनाई आदेश लागू असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी आणि विधीसाठी लागणाऱ्या सवलतीचा अर्ज तहसील वा उपविभागीय कार्यालयामार्फत वेळेवर, म्हणजे निदान पंधरा दिवस आधी, पाठवावा. उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी आलेल्या अर्जावर अधिकाऱ्यास ना चौकशी करता येते, ना निर्णय देता येतो.